चष्म्याशिवाय पोथी वाचता येते, मग ऑपरेशन कशाला?

पत्राचा सारांश : चिपळूणजवळच्या एका गावातून 67 वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलं आहे. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच राहतात; मुलगा-सून ठाण्याला. मधुमेह बारा वर्षांचा, गोळ्या चालू आहेत. चार महिन्यांपूर्वी गावात झालेल्या तपासणी शिबिरात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं कळलं, उजव्यात जास्त. त्या म्हणतात, "मला तर उलट डोळे सुधारल्यासारखे वाटतात. दोन वर्षांपूर्वी पोथी वाचायला चष्मा लागायचा, आता लागत नाही. क्रोशाचं विणकामही चष्म्याशिवाय होतं. शेजारच्या वहिनी मध देतात, तो रोज रात्री डोळ्यात घालते. त्याचाच गुण असणार." मात्र तिन्हीसांजेनंतर त्या घराबाहेर पडत नाहीत. समोरून गाडी आली की नुसता उजेडच उजेड होतो. श्रावणात अंगणातल्या जांभ्याच्या पायरीवरून त्या घसरल्या, ते मुलाला अजून सांगितलेलं नाही. मुलगा म्हणतो, ठाण्याला ये, लेझरने करू, एका डोळ्याला 80 हजारांची मल्टिफोकल लेन्स, म्हणजे पुन्हा चष्माच नको. वहिनी म्हणतात, पिकू दे. आणि मनात आईची आठवण आहे. 1974 साली एका शिबिरात आईचं ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तिला सात दिवस उताणं झोपवलं होतं. एक डोळा वाचला, त्याला सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागला. दुसरा पू होऊन गेला. "मुलाचे एवढे पैसे घालवावेत की आहे ते निभावून न्यावं? आणि खरं सांगू, ऑपरेशन चालू असताना माझा डोळा मिटला तर काय, या विचारानेच झोप उडते."

ताई,

तुमचं अक्षर पाहूनच कळलं की फळ्यावर लिहिलेल्या हाताचं आहे. ओळी मात्र पानाच्या उजव्या टोकाला जरा खाली उतरल्यात. मी डॉक्टर नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली आहेत आणि या सदरामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांना छळायची सवय आहे, तेवढ्या भांडवलावर लिहिते.

सुरुवात तुम्हाला आवडणार नाही अशा गोष्टीने करते. तुमचा वाचायचा चष्मा सुटला तो मधामुळे नाही. तो मोतीबिंदूमुळेच सुटला. आपल्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयाबरोबर पिवळट आणि कडक होत जातं. त्याचा मधला गाभा घट्ट झाला की ते उजेड जास्त वाकवायला लागतं, म्हणजे डोळा थोडा लघुदृष्टीचा होतो. जवळचं आपोआप दिसायला लागतं, लांबचं बिघडतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल आपण कौतुकाने सांगतो ना, "आमची आजी नव्वदीत चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची," त्यातल्या बऱ्याच आज्यांचं गुपित हेच होतं. ही बरी सोय कायमची राहत नाही. भिंग आणखी गढूळ झालं की पोथीही जाते.

म्हणून "डोळे सुधारलेत, मग ऑपरेशन कशाला" हा हिशेब जिथून सुरू होतो तिथेच चुकतोय. पण तुमच्या या एका वाक्यात फार कामाची माहिती आहे, आणि माझी खात्री आहे की ती तुम्ही शिबिरातल्या डॉक्टरांना सांगितली नसणार. आपण डॉक्टरांसमोर बसतो, ते तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावतात, आपण परीक्षेला बसल्यासारखी वाचतो आणि घरी येतो. दिवसभर डोळ्यांनी करतो काय, हे ना ते विचारत, ना आपण सांगत. आणि डोळ्यात कोणती लेन्स बसवायची, हे ठरायला पाहिजे नेमकं त्यावरून.

ऑपरेशनमध्ये तुमचं गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम लेन्स बसवतात. साधी म्हणजे मोनोफोकल लेन्स एकाच अंतराला स्पष्ट दाखवते. बहुतेक वेळा ती लांबच्यासाठी बसवतात: रस्ता, टीव्ही, एसटीची पाटी हे सगळं चष्म्याशिवाय, आणि वाचायला मात्र चष्मा. आता तुमच्यासारख्या बाईला हे आधी कुणी सांगितलं नाही तर काय होतं बघा. ऑपरेशन उत्तम होतं, पट्टी निघते, समोरच्या नारळावरचे नारळ मोजता येतात. मग ती क्रोशाची सुई हातात घेते आणि टाकाच दिसत नाही. "काल दिसत होतं, आज दिसत नाही, डोळा बिघडवला!" या तक्रारीची पत्रं मला वर्षातून दोन-तीन तरी येतात. डोळा बिघडलेला नसतो. ठरवताना विचारायचं राहिलेलं असतं.

दुसरा मार्गही आहे. जन्मभर लघुदृष्टीचा चष्मा वापरलेली किंवा दिवसातले सहा तास वाचन-विणकाम करणारी माणसं कधीकधी डॉक्टरांशी बोलून साधीच लेन्स जवळच्या अंतरासाठी बसवून घेतात आणि लांबचं बघायला चष्मा लावतात. तुम्ही ते करावं असं मी म्हणत नाही. तुमच्याकडे पायऱ्या आहेत, शेवाळ आहे, तुम्ही एकट्या राहता. मला तुमच्या पायांची जास्त काळजी वाटते. पण असा पर्याय असतो हे माहीत असणं आणि तो विचारपूर्वक नाकारणं यात फरक आहे.

आता मुलाच्या मल्टिफोकलविषयी. ही लेन्स आत येणारा उजेड वाटून घेते, थोडा लांबच्यासाठी, थोडा जवळच्यासाठी. त्यामुळे बऱ्याच जणांना बहुतेक कामं चष्म्याशिवाय जमतात, हे खरं. पण उजेड वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो. मंद उजेडात फिक्या-गडदातला फरक थोडा पुसट होतो आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. तुमची मुख्य तक्रार काय? समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे. मोतीबिंदूमुळे पसरणारा उजेड कोणत्याही लेन्सने जाईल, पण त्या जागी वलयं पदरात पडली तर तुम्हाला चालेल का, हे तुम्हीच सांगू शकता. आणखी एक म्हणजे तुमचा मधुमेह बारा वर्षांचा आहे. त्याने डोळ्याच्या मागच्या पडद्याला इजा झाली असेल तर डॉक्टर सहसा मल्टिफोकलच्या वाटेला जात नाहीत. काचबिंदू असेल तरीही तेच. म्हणजे 80 हजारांवर मायलेकरांत जो वाद चाललाय, तो पडद्याची तपासणी होईपर्यंत बिनकामाचा आहे. तपासणीत कदाचित तो आपोआप निकालात निघेल.

महाग लेन्स म्हणजे जास्त चांगली नजर, असंही नाही. साधी लेन्स लांबचं तितकंच स्वच्छ दाखवते. जास्तीचे पैसे जातात ते चष्म्यापासून सुटका मिळावी म्हणून. बुबुळाला बाक असेल, म्हणजे चष्म्यात सिलिंडरचा नंबर मोठा असेल, तर तो बाक भरून काढणाऱ्या टोरिक लेन्सवर खर्च करायला मात्र अर्थ असतो, तेवढं विचारून घ्या. आणि "लेझरने"? आपल्याकडे टाके नसलेल्या कुठल्याही ऑपरेशनला लेझर म्हणतात. नेहमीचं फेको ऑपरेशन हे अल्ट्रासाउंडचं असतं. अडीच मिलिमीटरच्या आसपासची चीर, त्यातून बारीक नळी जाते, ध्वनिलहरींनी भिंगाचे तुकडे करून ते ओढून घेते, आणि त्याच वाटेने घडी घातलेली लेन्स आत जाऊन उलगडते. ऑपरेशनचे काही टप्पे करणारं खरं लेझरही असतं, महाग असतं. पण मोठ्या चाचण्यांत शेवटच्या नजरेत त्याने विशेष फरक पडल्याचं दिसलेलं नाही.

पैशाविषयी तुम्ही जे लिहिलंय, ते मला लेन्सविषयी वाटत नाही. "मुलाचे पैसे घालवावेत का" असं विचारता, आणि पायरीवरून घसरल्याचं त्याच मुलापासून लपवता. त्याला माहीत असतं तर त्याने लेन्सआधी पायरीचा विचार केला असता. त्याला फोन करून आधी ते सांगा. मग म्हणा, लेन्स तू फोनवर ठरवू नकोस, माझ्याबरोबर तपासणीला ये आणि डॉक्टर काय म्हणतात ते ऐक. आणि पैसे हीच खरी अडचण असलेल्या वाचकांसाठी सांगते: अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे, सरकारी जिल्हा रुग्णालयांत लेन्ससह ही ऑपरेशनं मोफत होतात. तिथे कधी थोड्या मोठ्या चिरेची, तरीही बिनटाक्याची पद्धत वापरतात. कडक मोतीबिंदूसाठी सरावलेल्या हातात ती उत्तम आहे. त्यात कमीपणा काही नाही.

"पिकू दे" म्हणणाऱ्या वहिनी खोटं बोलत नाहीत, फक्त पन्नास वर्षं मागचं बोलतात. जुन्या पद्धतीत पिकलेलं भिंग काढायला सोपं जायचं. आता उलट आहे. जितकं कडक, तितकी ते फोडायला ताकद जास्त आणि बुबुळाला त्रास जास्त. फारच पिकवलं तर भिंग आतल्या आत पाझरून डोळ्याचा दाब चढतो, डोळा लाल होऊन ठणकतो आणि मग घाईने करावं लागतं. म्हणून उद्याच धावायला पाहिजे असंही नाही. सुरुवातीच्या मोतीबिंदूला काही महिने थांबलं तरी बिघडत नाही. ऑपरेशनची वेळ रोजच्या कामात अडायला लागलं की येते. तुमची आलीये, असं मला त्या पायरीवरून वाटतं. पावसाळ्यात जखम भरत नाही हीही जुनी समजूत. पण तुमच्याकडचा पाऊस, चिखल आणि तपासणीसाठीचे हेलपाटे धरले तर दिवाळीनंतरचा मुहूर्त सोयीचा, एवढंच.

आता तुमची आई. तिच्याविषयीचा मजकूर मी दोनदा वाचला. सोळा वर्षांच्या मुलीने आईच्या उशाशी बसून त्या वाळूच्या पिशव्या सरळ केल्या असतील, तिला "मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पंधरा मिनिटांत होतं" असं सांगून भागत नाही. म्हणून तेव्हा नक्की काय व्हायचं ते सांगते. त्या काळी बहुधा सबंध भिंगच काढायचे, त्यासाठी बुबुळाच्या कडेने जवळजवळ अर्धवर्तुळ चीर द्यावी लागे. ती सुटू नये म्हणून हलायचं नाही, म्हणून पिशव्या. आणि काढलेल्या भिंगाच्या जागी काहीच बसवत नसत, म्हणून तो दहा नंबरचा जाड चष्मा. कृत्रिम लेन्स तेव्हा नव्हती असं नाही. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी 1949 सालीच ती बसवली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे त्या विशिष्ट प्लास्टिकचे, कण घुसून बसायचे आणि डोळा ते सोसायचा, हे त्यांनी पाहिलं होतं. पण आपल्या गावांपर्यंत लेन्स पोचायला कैक वर्षं गेली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबने 1992 पासून स्वस्त लेन्स इथे बनवायला घेतल्या, तेव्हा कुठे ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. तुमच्या आईचं ऑपरेशन त्याच्या अठरा वर्षं आधीचं.

डोळा पू होऊन जाण्याची भीती मात्र तेव्हाची म्हणून सोडून देऊ नका. तसा जंतुसंसर्ग आजही होतो. हजारात एखाद्याला, चांगल्या ठिकाणी त्याहूनही कमी. म्हणूनच एका वेळी एकच डोळा करतात, तो नीट बसला की दुसरा. आणि म्हणूनच ऑपरेशनआधी साखर आटोक्यात आणायला सांगतात. हे कंटाळवाणं काम तुमच्याकडे आहे, आजपासून करता येईल.

तपासणीच्या दिवशी बाहुली मोठी करायचे थेंब घालतील. चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, ऊन खुपतं. म्हणून सोबत कुणीतरी हवं, आणि ठाण्याहून त्याच दिवशी एकटीने परतायचं नाही. डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजतील. लांबीत एक मिलिमीटर चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकतो, म्हणून "हलू नका" म्हणतील तेव्हा खरंच हलू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि हे पुरुष वाचकांसाठी: प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल, किंवा वर्षापूर्वी बंद केली असेल तरी, डोळ्याच्या डॉक्टरांना सांगा. तिने डोळ्यातला रंगीत पडदा सैल पडतो आणि ऑपरेशन अवघड होतं. आधी कळलं तर ते तयारीत राहतात. लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध म्हणून हे कुणी सांगतच नाही.

आणि तुमची झोप उडवणारा प्रश्न. डोळा मिटत नाही, ताई. थेंबांनी किंवा डोळ्याच्या बाजूला दिलेल्या इंजेक्शनने तो बधिर करतात आणि पापण्यांना एक छोटा चिमटा लावतात, तो त्या उघड्या धरून ठेवतो. पापणी मिटायचा प्रयत्न करेल, मिटणार नाही. बुबुळ कोरडं पडू नये म्हणून वरून पाणी सोडत राहतात. तुम्ही जाग्या असाल, चेहऱ्यावर कापड असेल, त्याखाली श्वासाला हवा येत राहील. सुरी समोरून येताना दिसत नाही. मला दिसला तो एक पांढरा दिवा, मग दोन, मग रंगपंचमीचं पाणी डबक्यात साठावं तसं निळं-गुलाबी काहीतरी हलत राहिलं. यंत्राची घरघर, कानामागे ओघळलेलं गार पाणी, आणि डॉक्टरीणबाई सिस्टरना विचारत होत्या की डबा आणला का. वीसेक मिनिटांत मी बाहेर होते. खोकला येतोय वाटलं तर न हलता तोंडाने सांगायचं, त्या थांबतात. उताणं झोपून दम लागत असेल तर तेही आधीच बोलून ठेवा. भीती फार वाटत असेल तर सिस्टरना सांगा, हात धरतात. मी धरला होता.

दुसऱ्या दिवशी सगळं लख्ख दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. काहींना दिसतं, काहींना आठवडाभर धुक्यातून दिसतं, खडा गेल्यासारखं खुपतं. रंग मात्र लगेच बदलतात. तुमचं जुनं भिंग पिवळं, नवी लेन्स स्वच्छ. मी वाटीतल्या दुधाकडे आळीपाळीने एकेक डोळा मिटून बघितलं: केलेल्या डोळ्याने दूध, न केलेल्याने मसाला दूध. अर्धा तास तोच खेळ केला. दोन डोळ्यांत असा फरक असेपर्यंत पायरीचा अंदाज चुकतो, तेव्हा कठडा धरूनच उतरा.

थेंब महिना-सव्वा महिना चालतात, रोज चार-सहा वेळा सुरू होऊन कमी कमी होत जातात. एकटीने राहणाऱ्याला खरं जड जातं ते हेच. पहिले आठ-दहा दिवस तरी ठाण्यालाच राहा. कालनिर्णयावर त्या-त्या तारखेखाली रेघा मारून ठेवा आणि थेंब घातला की एकेक खोडा. हात धुऊन, आडवं पडून, खालची पापणी ओढून एकच थेंब. दोन औषधांत पाच मिनिटं. डोळा चोळायचा नाही, रात्री प्लास्टिकची ढाल चिकटवून झोपायचं. डोळ्यात नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही, अंघोळ गळ्याखालून. केस सुनेकडून मागे मान करून धुऊन घ्या, तेही डॉक्टर हो म्हणाल्यावर. चूल, फोडणीचा धूर आणि पाण्याची कळशी काही दिवस नको. वाचायला, टीव्ही बघायला मात्र पहिल्या दिवसापासून मनाई नसते. डोळे वापरल्याने ऑपरेशन बिघडत नाही. वाचायच्या चष्म्याचा पक्का नंबर महिन्या-सव्वा महिन्याने काढतात, त्याआधी महाग फ्रेम घेऊन बसू नका.

दुखणं वाढत गेलं, डोळा लाल होत गेला, पू आला, दिसायला लागलेलं पुन्हा कमी झालं, चमका दिसल्या किंवा कडेने पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर सोमवारची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. रात्री कुणाला फोन करायचा, तो नंबर घरी निघायच्या आधी मागून घ्या. आणि काही वर्षांनी पुन्हा धूसर झालं तर "मोतीबिंदू परत आला" म्हणून घाबरू नका. लेन्समागची पातळ पिशवी गढूळ होते, ती लेझरने काही मिनिटांत मोकळी करतात. इथे मात्र लेझर खरंच लेझर असतं.

तपासणीला जाण्याआधी एक करा. वहीच्या पानावर तुमचा एक दिवस लिहा. पोथी किती वेळ, मांडीवर धरून की पाटावर ठेवून. क्रोशा दिवसा की दिव्याखाली. मोबाइलवर नातवाला बघणं. अंगणातल्या पायऱ्या दिवसातून किती वेळा. संध्याकाळी देवळात जायचं बंद झालंय ते. आणि शेवटी, "जवळचा चष्मा लागला तर मला चालेल" किंवा "चालणार नाही," यातलं जे खरं असेल ते. ते पान डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. बोलताना आपण निम्मं विसरतो.

मधाची ती बाटली मात्र आजच वहिनींना परत द्या. घरातला मध काही निर्जंतुक नसतो, तेव्हा डोळ्यात तर नकोच. आणि तुमची साखर बघता पोळीबरोबरही नको.